उकळबाई

“उकळबाई आली. तो पाण्याचा जग आत ने गं आधी!”

सावंत काकू हे सुनेच्या कानात बोलल्या, पण सावंत काकूंचं कानातलं बोलणं आमच्या बिल्डिंगमध्ये दोन मजले तरी ऐकू जातं. त्यांच्याकडे सत्यनारायण होता. मी दारात चपला काढत होते आणि माझ्या मागे, स्वतःची स्टीलची बाटली छातीशी धरून, ती उभी होती. जग आत गेला. पण तीर्थ कुठे लपवणार? गुरुजींनी पळी पुढे केली. तिने हातावर तीर्थ घेतलं, त्यात नीट निरखून पाहिलं आणि तिला येणारं पहिलं मराठी वाक्य म्हटलं, “उकळलंय का?”

गुरुजींनी सावंत काकूंकडे पाहिलं. सावंत काकूंनी माझ्याकडे. “तिका सांग गो, एवढे मंत्र म्हटले त्याच्यावर, आजून काय उकळूक व्हया?”

मी तिला इंग्रजीत एवढंच सांगितलं की ते स्वच्छ आहे. तिने क्षणभर विचार केला. तीर्थ प्यायल्यावर बायका ओला हात डोक्यावरून फिरवतात, हे तिने पाहिलं होतं. तिने मधली पायरी गाळली आणि सगळं तीर्थ थेट केसांवर ओतलं. मग गुरुजी म्हणाले, “चालेल. पोचतं.”

त्या दिवशी आम्ही तिच्यापासून पाणी लपवलं. वर्षभराने आणखी एक गोष्ट लपवली, आणि ती गोष्ट तिचीच होती. ती तिला कोणी सांगायची यावरून आमच्या सात मजली सोसायटीत जे झालं, त्यामुळे मला आजही लिफ्टमध्ये शिरताना ती आठवते.

तिचं नाव हानेके. हॉलंडची. वय साठीच्या अलीकडे, उंची आमच्या लिफ्टच्या दारापेक्षा जरा कमी. पवईच्या एका कंपनीत सांडपाणी शुद्ध करण्याच्या प्रकल्पावर ती आली होती. म्हणजे पाणी हा तिचा धंदाच होता. “लोक म्हणतात मी घाबरते,” ती म्हणायची. “मी घाबरत नाही. मी ते भिंगाखाली पाहिलंय.” यावर बिल्डिंगने तिला नावच ठेवलं, उकळबाई.

कंपनीने तिला आधी पवईत तलाव दिसणारा फ्लॅट दिला होता. तो तिने चार महिन्यांत सोडला. तिथे सगळे परदेशी राहायचे आणि जेवणाच्या टेबलावर फक्त एकमेकांच्या पोटाच्या गप्पा मारायचे. कोणाला कुठल्या हॉटेलात काय बाधलं, कोण किती वेळा सलाईनवर होतं, कोणाच्या बायकोला डासांनी किती ठिकाणी फोडलं. त्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. तो तिने मला दाखवला होता. ‘चांगलं चीज कुठे मिळतं?’, ‘कुत्रा नुसता चाटला तरी इंजेक्शन घ्यायचं का?’, ‘घरकाम करणाऱ्या बाईला नको कसं म्हणायचं?’ या शेवटच्या प्रश्नाला बरीच उत्तरं आली होती आणि सगळ्यांचा अर्थ एकच होता, की म्हणता येत नाही. हानेके म्हणाली, “मी एवढ्या लांब येऊन हॉलंडमधल्या दवाखान्याच्या बाहेरच बसले होते. म्हणून मुलुंडला आले.”

मुलुंडला आल्यावर आमच्या सेक्रेटरी काकांनी तिची मुलाखत घेतली. भाडेकरू एकटी बाई, त्यात परदेशी, म्हणजे त्यांना काळजी होतीच. त्यांनी विचारलं, “मिस्टरांचं नाव?” हानेके म्हणाली, “पहिल्या की दुसऱ्या?” काकांनी पेन खाली ठेवलं. हे वाक्य संध्याकाळपर्यंत सातव्या मजल्यावर पोचलं होतं आणि पोचेपर्यंत नवरे चार झाले होते.

मी या सगळ्यात आले ती माझ्या शाळेमुळे. माझी शाळा इंग्लिश मीडियमची, कॉन्व्हेंट. मी घरून काम करते, दिवसभर लॅपटॉपसमोर असते आणि गरजेपेक्षा जास्त बोलत नाही. माझं बोलणं घशापर्यंत येतं आणि सोसायटीच्या वॉचमनने अडवल्यासारखं तिथेच उभं राहतं. पण सेक्रेटरी काकांनी आईला सांगितलं, “तुमच्या मुलीचं इंग्लिश फाडफाड आहे. ती मधे राहील.” मला कोणी विचारलं नाही. मी मधे राहिले.

मधे राहणं म्हणजे भाषांतर करणं, असं हानेकेला वाटायचं. माझ्या मते मधे राहणं म्हणजे भांडण होऊ न देणं. सावंत काकूंनी तिला गणपतीत मोदक पाठवले. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेट झाली तेव्हा हानेके शांतपणे म्हणाली की मोदक फार गोड होते, तिला आवडले नाहीत, पण पाठवल्याबद्दल ती खरंच आभारी आहे. मी म्हटलं, “काकू, तिला खूप आवडले.” पुढच्या आठवड्यात एकवीस मोदक आले. मग संकष्टीला आले. मग दर संकष्टीला यायला लागले. तिच्या फ्रीझरमध्ये मोदकांचा एक कप्पाच झाला. एकदा तिने माझ्याकडे रोखून पाहत विचारलं, “मी मोठं वाक्य बोलते. तुझ्याकडून छोटं निघतं. उरलेलं कुठे जातं?”

मी म्हटलं, मराठी भाषा आटोपशीर आहे.

“मग मला शिकव,” ती म्हणाली. अशी मी तिची मराठीची शिक्षिका झाले. ज्या शाळेत मराठी बोललं तर दंड व्हायचा, त्या शाळेतली मुलगी दर रविवारी एका डच बाईला मराठी शिकवायची, हे आईला एवढं गमतीचं वाटायचं की ती फोनवर मावशीला दर रविवारी नव्याने सांगायची.

शिकवताना मला कळलं की हानेकेला दोनच गोष्टी मनापासून शिकायच्या होत्या. एक म्हणजे वेळ. प्लंबर म्हणाला, “पाच मिनटात आलो,” की ती विचारायची, “खरी पाच मिनिटं की इथली पाच मिनिटं?” प्लंबर एवढा गोंधळायचा की खरंच यायचा. दुसरी गोष्ट म्हणजे ‘तू’. डच भाषेतही मान देऊन बोलतात म्हणे, पण तिला ते पटत नसे. तिने ‘तू’ उचललं आणि सगळ्यांवर चालवलं. सेक्रेटरी काकांना ती म्हणायची, “तू टाकी कधी धुतलीस?” काका रिटायर्ड बँक मॅनेजर. त्यांना त्यांची सख्खी आईसुद्धा शेवटी शेवटी ‘अहो’ म्हणायची. ते लिफ्टमध्ये माझ्यावर चिडायचे, “तिला शिकव जरा!” मी शिकवायचे. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “मी त्याला तू म्हणाले म्हणून टाकी धुतली गेली. तुम्ही सगळे ‘तुम्ही’ म्हणत होता.”

टाकी खरंच धुतली गेली होती.

मला मात्र तिला तू म्हणता आलं नाही. मॅडम म्हटलेलं तिला चालायचं नाही. आँटी म्हटलं तर म्हणायची, “मी तुझ्या आईची बहीण नाही.” तिच्या वयाच्या बाईला नावाने हाक मारायची, या विचारानेच माझी जीभ आत जायची. म्हणून दीड वर्ष मी तिला काहीच म्हटलं नाही. ‘ऐका ना’, ‘अं’, आणि अगदीच अडलं तर दारावर टकटक. आता लिहिताना मी बिनधास्त ‘ती’ लिहिते आहे. कागदाला लाज नसते.

तिच्या तब्येतीच्या काळज्या आम्ही सगळ्यांनी हळूहळू आपल्याच मानल्या होत्या. डासांसाठी ती प्रत्येक मजल्यावरच्या कुंड्यांखालच्या थाळ्या उपडी करत फिरायची. तिसऱ्या मजल्यावरच्या तुळशीची थाळी तिने उपडी केली तेव्हा प्रकरण सोसायटीच्या मीटिंगपर्यंत गेलं. पण त्या पावसाळ्यात आमच्या बिल्डिंगमध्ये डेंग्यू आला नाही आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये आला, तेव्हापासून सेक्रेटरी काका समोरच्यांना सांगायचे, “आमच्याकडे हॉलंडची सिस्टम आहे.” भाजी ती लाल औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवायची, त्यामुळे तिची कोशिंबीर कायम गुलाबी असायची. लहान मुलं दर शनिवारी तिच्याकडे गोष्ट ऐकायला जायची आणि घरी येऊन आयांना गुलाबी काकडी मागायची.

डॉक्टरांचं आणि तिचं मात्र पहिल्या दिवसापासून बिनसलं. आमचे डॉक्टर तळमजल्यावर बसतात. आमच्या घरातल्या तीन पिढ्यांना त्यांनी तपासलंय. ते कागदाच्या पुडीत गोळ्या देतात आणि सांगतात, “पांढरी सकाळी, पिवळी रात्री, ती लहान गुलाबी दुखलं तरच.” हानेकेने पुडी उघडून विचारलं, “डॉक्टर, ह्यांची नावं काय?” डॉक्टर दुखावले. “आजपर्यंत मला कोणी गोळीचं नाव विचारलं नाही,” ते मला म्हणाले. मी तिला सांगितलं की डॉक्टरांना तुमची उत्सुकता आवडली. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. उरलेलं वाक्य कुठे जातं, हे तिला एव्हाना चांगलं माहीत होतं. पुडी तिने परत केली आणि त्यानंतर ती त्यांच्या दवाखान्यात गेली नाही.

म्हणूनच पुढे उशीर झाला.

दिवाळीनंतर तिला खोकला सुरू झाला. शेजारची बिल्डिंग पाडत होते, धूळ सगळ्यांच्याच घरात होती, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. वाटलं ते प्रेम. सावंत काकूंनी आलं-तुळशीचा काढा पाठवला. आईने ज्येष्ठमधाचा. सहाव्या मजल्यावरून अडुळशाचा आला. आणि दीड वर्षात पहिल्यांदा हानेकेने कोणाच्याही घरचं काहीही काही न विचारता घेतलं. मी आश्चर्याने पाहिलं तर म्हणाली, “हा उकळूनच करतात ना? मग ठीक.” काढ्यांवर तिचा असा विश्वास बसला की दोन महिने ती तेच पीत राहिली. ती बारीक झाली, संध्याकाळी तिचं अंग तापायला लागलं, तरी तिचं म्हणणं एकच, जे पोटात जातंय ते उकळलेलं आहे.

शेवटी मी ‘ऐका ना’ एवढंच म्हणून तिला खाली डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीला नळी लावली, त्यांचा चेहरा बदलला आणि पहिल्यांदाच त्यांनी पुडी दिली नाही. समोरच्या लॅबमध्ये एक्स-रे आणि थुंकी द्यायला सांगितलं. आमच्याकडे लॅबचा रिपोर्ट पेशंटकडे जात नाही, डॉक्टरांच्या फोनवर येतो. सगळ्यांना ते सोयीचं वाटतं.

दोन दिवसांनी डॉक्टरांचा आईला फोन आला. “मुलीला घेऊन खाली या. बाईंना आणू नका.”

आम्ही गेलो. सेक्रेटरी काका ब्लडप्रेशर मोजायला आधीच बसले होते, त्यांचा दंड पट्ट्यात होता. डॉक्टर म्हणाले, “टीबी आहे.” काकांचं प्रेशर मशीनवर आमच्या डोळ्यांसमोर वर गेलं.

“बरा होतो,” डॉक्टर म्हणाले. “सहा महिने औषध. पण सुरू करायच्या आधी तिच्या घरच्या कोणाला तरी सांगायला हवं. घरचे कोण आहेत तिचे?”

“ती आहे ना,” मी म्हटलं. एवढं बोलले हेच पुष्कळ होतं.

डॉक्टरांनी माझ्याकडे लहान मुलीकडे बघावं तसं बघितलं. “असं पेशंटच्या तोंडावर सांगत नाहीत बाळा. एकटी बाई. परदेशात. खचून जाईल.”

आईने मान हलवली. मला कळलं की तिला आजोबा आठवले. आमच्या आजोबांना ‘अल्सर’ होता. त्या अल्सरचं खरं नाव घरात, नात्यात, बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत होतं. आजोबा बिचारे शेवटपर्यंत तिखट सोडून होते. एकदा मला जवळ बोलावून म्हणाले होते, “काय गं, अल्सरला एवढी माणसं भेटायला येतात?” मी तेव्हा नववीत होते. मी पाणी आणायला उठले.

त्या संध्याकाळी सेक्रेटरी काकांच्या हॉलमध्ये तातडीची मीटिंग झाली. विषय एकच, तिला कळू न देता तिला बरं कसं करायचं. एकाने सुचवलं की गोळ्या काढ्यात घालाव्यात. एकाने विचारलं, तिच्या वकिलातीत कळवायचं का, आणि कळवलं तर सोसायटीचं नाव येईल का. सावंत काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. “आमच्या सासऱ्यांकसुद्धा आम्ही सांगलंव नाय. सुखान गेले. हिका कित्याक सांगूचा?” काका म्हणाले, “काकू, ही जायची नाहीये. ही बरी व्हायची आहे.” “मग तर नकोच सांगूक,” सावंत काकू म्हणाल्या. “उगाच त्रास.”

शेवटी ठरलं की हॉलंडमध्ये तिचा मुलगा आहे, त्याला सांगायचं, मग तो आणि आपण मिळून काय ते बघू. त्याचा नंबर तिच्या फ्रिजवर चिकटवलेला होता आणि अडीअडचणीसाठी तिने तो मलाही दिला होता. फोन मी करायचा होता. फोन स्पीकरवर ठेवायचा होता. पोह्यांच्या बशा बाजूला सरकवून सगळे पुढे झुकले.

मुलाने लगेच उचलला. मी सांगितलं, तुमच्या आईच्या तब्येतीबद्दल आहे, डॉक्टरांना आधी तुमच्याशी बोलायचं आहे.

त्याने विचारलं, “आई शुद्धीवर आहे?”

“हो.”

“बोलू शकते?”

“हो. काल त्यांनी आमच्या सेक्रेटरींना गच्चीवरचं पाणी काढायला सांगितलं.”

“मग मला का सांगताय?” त्याला खरंच समजत नव्हतं. “रिपोर्ट तिचा आहे. तिला सांगा, आणि तिला वाटलं तर ती मला फोन करेल. तुम्ही तिला काही सांगितलंच नाहीये का? हे बरोबर नाही.” आणि त्याने नमस्कार वगैरे काही न करता फोन ठेवला.

मग सावंत काकू हळहळल्या, “काय बाई दगड काळीज! आईक काय झाला, ता पण इचारल्यान नाय.”

“म्हणून तर ती इकडे आली,” सेक्रेटरी काका म्हणाले. “तिला बहीण-बिहीण आहे का कोणी?”

बहिणीचा शोध सुरू झाला. तो चार-पाच दिवस चालला. त्या दिवसांत बिल्डिंग हानेकेवर नेहमीपेक्षा जास्त प्रेम करायला लागली आणि तिच्यापासून लांबही पळायला लागली. दोन्ही एकाच वेळी. काढे यायचे, पण दाराबाहेर ठेवून बेल वाजवून माणूस गायब व्हायचं. सगळ्या बिल्डिंगला अचानक धुळीची ॲलर्जी झाली आणि जो तो मास्क लावायला लागला. ती लिफ्टमध्ये शिरली की आतल्या माणसाला काहीतरी आठवायचं आणि तो उतरायचा. सेक्रेटरी काका एकदा तिसऱ्या मजल्यावर उतरले आणि पाचव्यापर्यंत चढत गेले, त्यांचं प्रेशर मोजायला पुन्हा तळमजल्यावर जावं लागलं. शनिवारच्या गोष्टीला एकही मूल गेलं नाही. सगळ्यांना एकदम परीक्षा होत्या. आणि ती खाली जाऊन डॉक्टरांना विचारायची, “रिपोर्ट आला?” डॉक्टर म्हणायचे, “मशीन बिघडलंय.” ती विचारायची, “खरं बिघडलंय?” डॉक्टर पुढच्या पेशंटला आत बोलवायचे.

आता ती इथे नाही. पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणाच्या जिवाला घोर नको. तिने सगळं औषध इथेच मुलुंडमध्ये घेतलं, प्रत्येक गोळीचं नाव पाठ करून. पूर्ण बरी झाली, प्रकल्प संपवला आणि परत गेली. जाताना तिने तिचं सगळ्यात मोठं पातेलं मला दिलं. आता मी पाणी उकळते आणि आई गॅसच्या बिलाकडे बघून पुटपुटते. अधूनमधून हानेके फोटो पाठवते, तिच्या स्वयंपाकघरातल्या नळाखाली धरलेल्या ग्लासचा. खाली मराठीत लिहिलेलं असतं, ‘न उकळता!’ गेल्या महिन्यात घरातल्या एका माणसाचा रिपोर्ट आला तेव्हा मी तो लॅबमधून स्वतः आणला आणि ज्याचा होता त्याच्या हातात दिला. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पण मला सांगायचा आहे तो रविवार.

मुलांशिवाय गेलेल्या त्या शनिवारनंतरचा रविवार. मराठीचा तास होता. मी बहाणा करून टाळणार होते, कारण बिल्डिंगमध्ये ठरलं होतं की बहीण सापडेपर्यंत मीही जरा जपून राहायचं. आईने माझ्या हातात मास्क दिला. मी तो लावून पाचव्या मजल्यावर गेले आणि टकटक केलं.

दार उघडलं आणि सुगंधाचा एक लोटच अंगावर आला. चंदन, लिंबू, शिवाय काहीतरी औषधी. टेबलावर रिकामे काढ्याचे ग्लास धुऊन ओळीने ठेवले होते, परत करण्यासाठी. त्यांच्या शेजारी साबणांचे तीन वेगवेगळे डबे, एक पावडर आणि एक अत्तराची बाटली. तिचे केस ओले होते. डिसेंबरची संध्याकाळ होती आणि तिला ताप होता, तरी तिने नुकतीच अंघोळ केलेली दिसत होती.

मी नेहमीच्या खुर्चीवर बसले. तिने खुर्ची थोडी मागे घेतली. मला वाटलं खोकला येतोय म्हणून. नंतर कळलं, माझ्यासाठी.

“आज इंग्लिश नको,” ती म्हणाली. तिने वाक्यं आधी तयार केली होती, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. एक एक शब्द ठेवत ती बोलायला लागली. “लिफ्टमधून लोक जातात. मुलं येत नाहीत. तू तोंडावर कापड लावलं. मी दिवसातून तीन वेळा अंघोळ करते. साबण बदलला. मी पवईच्या लोकांना विचारलं, ते म्हणाले लसूण खाऊ नको. मी लसूण सोडला.”

एवढी मोठी बाई, सगळ्या बिल्डिंगला तू म्हणणारी, भिंगाखाली पाणी पाहिलेली, हातातल्या टॉवेलची घडी घालत होती आणि पुन्हा मोडत होती.

“तू मला खरं सांग,” ती म्हणाली. “मला वास येतो?”

मला आजोबा आठवले, तिखट सोडलेले. पाणी आणायला उठावं असं माझ्या पायांनी ठरवलंसुद्धा. नेहमीचं छोटं वाक्य तयार होतं. नाही हो, धुळीचं आहे सगळं. ते घशापर्यंत आलं, तिथे थांबलं, आणि त्याच्यामागे जे उभं होतं ते पहिल्यांदा पुढे आलं. मी मास्क काढला नाही, पण आवाज मला स्वतःला ऐकू आला एवढा मोठा होता. खाली सावंत काकूंनाही ऐकू गेला असणार.

“वास येत नाही, हानेके. तुला टीबी झालाय. तो बरा होतो. आणि ह्या सात मजल्यांत ही गोष्ट फक्त तुलाच माहीत नव्हती.”